फोस्कोचे पिसाकर नातेवाईक

"गोब्बी आण, आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस," मारिस्तेल्लाने नवऱ्याला बजावले.

फोस्को तेंपेस्तीनी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबला. "मी कुणाशी बोलतो?"

"सगळ्यांशी. परवा पाव आणायला गेलास आणि त्या जपानी जोडप्याला नदीकाठी नेऊन पुराच्या पाण्याची खूण दाखवत बसलास. पाव संध्याकाळी घरी आला."

"ते भलत्याच खुणेचा फोटो काढत होते."

"आज काढू देत भलते फोटो. गोब्बी शिजायला दोन तास घेते आणि एक वाजता व्याही येतायत."

गोब्बी ही हिवाळ्यातली भाजी. देठांचा जुडगा, दिसायला सेलरीसारखा, पण उंचीला लहान मुलाएवढा, रंगाने राखाडी आणि कडांना काटे. ती सोलावी लागते, तिला लिंबू चोळावे लागते नाहीतर काळी पडते, मग उकडायची, मग तळायची, मग टोमॅटोत पुन्हा शिजवायची. एवढे करून ती जेमतेम बटाट्याइतकी चवदार लागते. म्हणूनच ती पाहुण्यांसाठी करतात. आपल्यासाठी त्रास घेतला गेला आहे हे पाहुण्यांना दिसावे लागते.

आजचे पाहुणे म्हणजे जिनेव्राच्या होणाऱ्या नवऱ्याचे, नेरीचे, आईवडील. जिनेव्रा ही फोस्कोची एकुलती एक मुलगी, आणि तिचे लग्न याआधी एकदा ठरता ठरता राहिले होते. त्या मुलाचे वडील पहिल्याच जेवणात सूप पिता पिता म्हणाले होते, की फ्लॉरेन्सवर राज्य केलेले मेदिची घराणे मुळात रोमचे. फोस्कोने त्यांना दुरुस्त केले. सूप संपेपर्यंत केले, मग मटण संपेपर्यंत केले. दुसरे जेवण झाले नाही. फोस्को माणूस वाईट नव्हता. पित्ती राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचे औषधांचे दुकान होते, गल्ली त्याला मानाने डॉक्टर म्हणे, आणि म्हाताऱ्या बायकांना तो गोळ्यांचे डबे स्वतः भरून देई. फक्त कुणी समोर चुकीचे बोलले की त्याला दातात काहीतरी अडकल्यासारखे होई.

जिनेव्रा स्वयंपाकघरातून दारात आली. "बाबा, आज तीन विषय काढायचे नाहीत. फुटबॉल, पाद्री आणि पिसा."

"पहिले दोन कळले. चांगल्या जेवणात पिसाचं नाव कोण काढेल?"

"तू काढतोस. नाताळच्या जेवणात दोनदा काढलंस."

"कोंबडी करपली होती. उपमा सुचली."

"बाबा, मी गंमत करत नाहीये. मागच्यासारखं झालं ना, तर मी या घरात पुन्हा कुणाला जेवायला आणणार नाही."

फोस्को गंभीर झाला. "नाही होणार. पण नेरीचे आईवडील नक्की कुठले, हे तू अजून सांगितलं नाहीस."

"समुद्राकडचे," जिनेव्रा म्हणाली आणि कांदा चिरायला आत गेली.

फोस्कोने हिशेब केला. समुद्राकडचे म्हणजे लिव्होर्नोचे. लिव्होर्नोचे बंदर मेदिचींनी बांधले, म्हणजे माणसे तशी घरचीच. शिवाय लिव्होर्नोवाल्यांनाही पिसा आवडत नाही. जेवताना बोलायला काहीतरी समान धागा हवाच असतो. तो समाधानाने बाजाराकडे निघाला.

इथे एवढे सांगायला हवे, की फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्यातली शेवटची लढाई संपून पाचशे वर्षे झाली आहेत. ती संपल्याचे मात्र दोन्ही शहरांनी अजून एकमेकांना कळवलेले नाही.

सान लोरेन्झोच्या बाजारात भाजीवाल्याने सर्वांत मोठी गोब्बी काढून दिली. कुणासाठी हे कळल्यावर त्याने ती परत मागून घेतली. "व्याह्यांपुढे अशी उघडीवाघडी नेतात का, डॉक्टर? लोक काय म्हणतील?" त्याने देठांना मधोमध लाल रेशमी फीत बांधली, तिचे मोठे फूल केले आणि दोन टोके खाली लोंबती ठेवली.

बाहेर चामड्याच्या पिशव्यांच्या दुकानांमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गोब्बी बगलेत धरली तर काटे लोकांना टोचत होते, आणि लोक देठ मोडत होते. फोस्कोने ती सरळ डोक्यावर उंच धरली आणि चालू लागला.

पहिल्या कोपऱ्यावर त्याला शंका आली. तो चष्म्याच्या दुकानासमोर थांबला, तेव्हा त्याच्या मागे वीसबावीस माणसे थांबली. सगळी निवृत्तीच्या वयाची, पायात आरामाचे बूट, पाठीवर छोट्या पिशव्या. फोस्कोने काचेत पाहिले. त्यांनीही काचेत पाहिले. एका गृहस्थांनी चष्म्यांचा फोटो काढला.

फोस्को रस्ता ओलांडून गेला. सगळे ओलांडून आले. तो परत अलीकडे आला. तेही आले, आणि मागून कुणीतरी बाई म्हणाली, "हे बहुधा वाहनांबद्दल काही दाखवतायत."

यांना चुकवायला तो एका कॉफीच्या दुकानात शिरला. सगळे आत आले. निम्म्यांनी कॉफी मागितली, निम्म्यांनी स्वच्छतागृहाची किल्ली मागितली, मग अदलाबदल झाली. मालकाच्या चेहऱ्यावर महिन्याची विक्री एका सकाळी झाल्याचे तेज आले. त्याने फोस्कोसमोर कॉफीचा कप ठेवला.

"किती झाले?" फोस्कोने विचारले.

"तुमचे कसले? गाइडला आमच्याकडे फुकट. उद्याही आणा."

खरे तर याच क्षणी फोस्कोने सांगायला हवे होते, की मी गाइड नाही, मी औषधवाला आहे आणि ही भाजी आहे. पण तो फ्लॉरेन्सकर होता आणि कॉफी फुकट होती. त्याने ती प्यायली. चांगली होती. बाहेर पडताना त्याला वाटले, की आपण कशाला तरी होकार दिला आहे.

सान लोरेन्झोच्या देवळासमोर तो मान खाली घालून झपाझप चालला होता. इतक्यात मागून मघाचीच बाई बोलली. तिचा आवाज सबंध वर्गाला पुरेल असा होता. "बघा, दर्शनी भिंत नुसती खडबडीत विटांची. एवढे मोठे मेदिची, पण शेवटी पैसे संपले बिचाऱ्यांचे."

फोस्को जागच्या जागी थांबला. दातात अडकलेच.

"संपले नव्हते," तो वळून म्हणाला. "भिंतीसाठी संगमरवर आणायला डोंगर फोडले, डोंगरापर्यंत रस्ता बांधला. मग मेदिचींचाच पोप होता, त्याचं मन बदललं. पैसे नसणं वेगळं आणि मन बदलणं वेगळं. बिचारे बिचारे काय म्हणता?"

सगळे जवळ आले आणि अर्धवर्तुळ करून उभे राहिले. एकाने कानामागे हात धरला.

"बोलले एकदाचे," ती बाई म्हणाली. "मला वाटलं मुकाच गाइड दिलाय की काय. मी आर्जिया. शाळेत होते, आता निवृत्त. हा ओरेस्ते, रेल्वेत होता. बाकीचे सगळे आमच्या ज्येष्ठ मंडळातले."

"मंडळ कुठलं?" फोस्कोने विचारले. पण विचारतानाच उत्तर त्याच्या कानांना कळले होते. शब्द असे ओढून बोलणारी माणसे जगात एकाच ठिकाणी होतात.

"पिसाचं," आर्जियाबाई म्हणाल्या.

फोस्कोच्या मनात आधी तिरस्कार आला, तो नेहमीचाच होता. पण त्याच्या मागोमाग एक नवीनच विचार आला. वीसबावीस पिसाकर त्याच्यासमोर गुपचूप उभे होते आणि फ्लॉरेन्स किती मोठे आहे हे ऐकायची वाट पाहत होते. त्याच्या वडिलांना अशी संधी मिळाली नव्हती. आजोबांनाही नाही. आजोबा तर तिची वाट पाहत गेले. घड्याळात दहा वाजले होते. गोब्बीला पाच मिनिटे थांबायला हरकत नव्हती.

"या माझ्यामागे," तो म्हणाला.

पाच मिनिटे मेदिचींच्या जुन्या वाड्याच्या कोपऱ्यावरच संपली. वर दगडात त्यांचे राजचिन्ह होते, ढालीवर बसवलेले गोळे. फोस्कोचा हा जिव्हाळ्याचा विषय.

"मेदिची म्हणजे मूळचे वैद्य. ते गोळे म्हणजे औषधाच्या गोळ्या. आमच्या धंद्याचं दैवत म्हणा."

"संत्री आहेत ती," ओरेस्ते म्हणाला.

"काय?"

"संत्री. मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांच्या बागेत संत्री होती. एवढी मोठी गोळी गिळेल कोण?"

"ते चिन्ह आहे. चिन्ह गिळत नाहीत."

"मग संत्र्याचंही चिन्ह असू शकतं. डोळ्यांसमोर आणून बघा, संत्रंच दिसेल."

पंचवीस मिनिटे झाली. गोळ्यांचा आकार, संत्र्यांची साल, दगडाची झीज यांवर दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. पिसाकरांनी एकमताने संत्र्यांच्या बाजूने हात वर केले. फोस्को म्हणाला की हे मतदानाने ठरत नाही. आर्जियाबाई म्हणाल्या की मेदिचींच्या राज्यात कधीच काही मतदानाने ठरत नव्हते. हे खरे होते, त्यामुळे फोस्को आणखी चिडला, आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी बोट ठेवले.

नगरपोलिसांचा गणवेश, पांढरा पट्टा, छातीवर नाव: दोनातेल्ला. "गळ्यातला पट्टा दाखवा."

"कसला पट्टा?"

"गाइडच्या परवान्याचा. परवान्याशिवाय इमारतीची माहिती द्यायला बंदी आहे. माहीत असेलच."

फोस्कोला चांगलेच माहीत होते. दोन वर्षांपूर्वी, बिनपरवाना गाइडांवर कारवाई व्हावी म्हणून सह्यांची मोहीम झाली, तिच्यात पहिली सही त्याचीच होती. दंड केवढा ठेवावा हेही त्यानेच सुचवले होते आणि त्याने मोठा आकडा सुचवला होता. आता डोळ्यासमोर आले ते वर्तमानपत्रातले नाव, दुकानासमोर जमलेली गल्ली, आणि एक वाजता सोफ्यावर बसून ते सगळे ऐकणारे लिव्होर्नोचे व्याही.

"मी माहिती देत नव्हतो," तो म्हणाला. "गप्पा मारत होतो. हे माझे नातेवाईक आहेत."

"सगळे?"

"आमचं कुटुंब मोठं आहे."

"कुठून आले?"

फोस्को लिव्होर्नो म्हणणार होता. पण आर्जियाबाईंना प्रश्नाचे उत्तर माहीत असून गप्प बसायची सवय नव्हती. "पिसाहून," त्या म्हणाल्या.

दोनातेल्लाने फोस्कोकडे बराच वेळ पाहिले. "खोटे नातेवाईक सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणी मिलानचे सांगतं, कुणी रोमचे. पिसाचे सांगणारे तुम्ही पहिलेच."

"सांगायला मलाही बरं वाटत नाही."

"तेच म्हणते मी. खोटं बोलायचं तर माणूस स्वतःवर एवढी आपत्ती का ओढवून घेईल?" ती विचारात पडली. "भाजी कशाला?"

"जेवायला घरी नेतोय सगळ्यांना. पित्तीच्या मागे."

"मग चला. माझी ड्यूटी संपलीय, मलाही पुलापलीकडेच जायचंय."

असा तो जथा निघाला. पुढे गोब्बी, तिच्याखाली फोस्को, शेजारी पोलीसबाई, मागे पिसा. फोस्कोचा घरी जायचा रोजचा रस्ता मेदिचींच्या इमारतींमधूनच जात होता, आणि मेदिचींनी बांधकाम करताना पुढे कुणाला गप्प राहावे लागेल याचा विचार केलेला नव्हता. प्रत्येक वळणावर काहीतरी होतेच. पिसाकर माना वर करून त्याच्याकडे पाहत आणि पोलीसबाई त्यांच्याकडे पाहत.

सिन्योरियाच्या चौकात ओरेस्तेला राहवले नाही. "हा वाडा कुणाचा?"

फोस्कोने दोनातेल्लाकडे पाहिले. ती कान देऊन होती. वाडा मेदिची घराण्यातल्या कोझिमो राजाचा, पण नातेवाइकांना माणूस कसे सांगेल? फोस्को घसा खाकरून म्हणाला, "अरे, असं काय करतोस? कोझिमोकाकांचा नाही का."

"कोझिमोकाका," ओरेस्तेने मान डोलावली. तो रेल्वेत होता, वेळेवर सांधे बदलायची त्याला सवय होती. "बरोबर. विसरलोच होतो."

"काका आधी इथेच राहायचे. थोरल्याचं लग्न ठरलं, मुलगी ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या घरची. काकांनी काय करावं? सुनेला माहेरची आठवण येऊन रडू कोसळू नये म्हणून अंगणाच्या भिंतींवर ऑस्ट्रियातली गावंच्या गावं रंगवून घेतली."

"किती प्रेमळ," आर्जियाबाई म्हणाल्या. "सून पिसाची असती तर काय केलं असतं हो काकांनी?"

"भिंत वाकडी बांधली असती."

मागे हशा पिकला. हसणारे पिसाकरच होते, याचे फोस्कोला नवल वाटले. दोनातेल्लाही हसली, पण वहीत काही लिहायचे असल्यासारखा खिशाला हात लावूनच.

"आणि ही लांबलचक इमारत?" ओरेस्तेने पुढे विचारले. आता त्याला खेळात गंमत येऊ लागली होती.

"काकांचं ऑफिस. सगळे कारकून एका छपराखाली आणले, म्हणजे कोण केव्हा जेवायला गेलं ते दिसतं. चित्रांचं संग्रहालय नंतर झालं."

"आणि काकू?"

"काकूंना जुना वाडा पुरेना. मुलं फार. त्यांनी नदीपलीकडे पित्तींचा राजवाडा घेतला. मग काका राहणार पलीकडे, ऑफिस अलीकडे, आणि मध्ये सगळं गाव. म्हणून त्या लग्नाच्या निमित्ताने घरापासून ऑफिसपर्यंत छपराछपरांवरून बंद मार्ग बांधून घेतला. अजून आहे. तो बघा, पुलावरून जातो."

"एवढ्या उंचावरून कशाला?" आर्जियाबाईंनी विचारले.

फोस्कोने वर पाहिले. हात दुखून बधिर झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि व्हेक्कियो पुलावर चोहोबाजूंनी माणसेच माणसे होती. त्याच्या डोक्यावरून काकांचा मार्ग शांतपणे, लहान लहान गोल खिडक्या मिचकावत पलीकडे चालला होता. "कुणी वाटेत भेटू नये म्हणून," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मेदिचींचे मन पूर्णपणे कळले.

पुलाच्या मध्यावर आर्जियाबाईंचा फोन वाजला. दोनातेल्ला चार पावले पुढे एका मोटारसायकलवाल्याला खाली उतरवण्यात गुंतली होती. आर्जियाबाईंनी ऐकले, "अच्छा" म्हटले, पुन्हा "अच्छा" म्हटले, आणि फोन बंद करून फोस्कोचा कोपर धरला.

"बाजाराच्या दाराशी एक मुलगी सकाळपासून काठीला लाल फीत लावून उभी आहे. म्हणते, मी तुमची गाइड. मग तुम्ही कोण?"

"औषधवाला."

"आणि हे झेंड्यासारखं धरलंय ते?"

"गोब्बी. व्याह्यांसाठी."

"मग तोंड उघडलंत कशाला?"

"तुम्ही चुकीचं बोलत होतात."

आर्जियाबाईंनी क्षणभर विचार केला. "हे मात्र मला पटतं. मीही उघडलं असतं."

"सिन्योरा, माझं ऐका. त्या बाईंना कळलं तर माझं नाव पेपरात येईल. एक वाजता मुलीचे होणारे सासूसासरे येतायत. एक लग्न माझ्या तोंडानं आधीच मोडलंय. दारापर्यंत नातेवाईक राहा. नंतर खुशाल जा."

आर्जियाबाईंनी वळून मंडळाला थोडक्यात सांगितले. मंडळाने कुजबुजत बैठक घेतली. चुकीच्या माणसामागे, तेही फ्लॉरेन्सच्या, तेही भाजीमागे दोन तास फिरलो, हे पिसात जाऊन सांगणे कुणालाच परवडणारे नव्हते. शिवाय काकांची गोष्ट अर्धी राहिली होती.

"ठरलं," आर्जियाबाई परत येऊन म्हणाल्या. "त्या मुलीला कळवते, नातेवाईक भेटले म्हणून. इथून पुढे मी तुमची आत्या. पण एका अटीवर. पिसा सुंदर आहे, असं म्हणा."

फोस्कोने नदीकडे पाहिले. "पिसा सपाट आहे."

"सुंदर."

"हवा बरी आहे. ओलसर आहे, पण छातीच्या रोग्यांना पूर्वी मानवायची."

"भाच्या," आत्या म्हणाल्या, "त्या बाई परत येतायत."

"पिसा सुंदर आहे," फोस्को एका दमात म्हणाला.

दोनातेल्लाने नेमके तेवढेच ऐकले. ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, तब्येत बरी आहे ना? थोडं बसायचंय का?"

पुढचा रस्ता फोस्कोला नीट आठवत नाही. गोब्बी ओरेस्तेने घेतली होती, आणि पित्ती राजवाड्यासमोर आत्या मंडळाला काकूंच्या बागेबद्दल काहीबाही सांगत होत्या. निम्मे चुकीचे होते. फोस्को एक अक्षर बोलला नाही. त्याच्या दातात एव्हाना काही अडकायला जागाच उरली नव्हती.

घराची घंटा दोनातेल्लाने स्वतः वाजवली. साडेबारा वाजले होते. दार मारिस्तेल्लाने उघडले आणि तिला पहिली गोब्बी दिसली, मग पोलीस, मग जिन्यात खालपर्यंत माणसे. तिच्या पाठीमागे बाहेरच्या खोलीत एक उंच गृहस्थ आणि हिरव्या पोशाखातल्या बाई केकचा खोका धरून उभ्या होत्या. व्याही लवकर आले होते. त्यांच्या शेजारी नेरी होता आणि नेरीच्या शेजारी जिनेव्रा.

"सिन्योरा," दोनातेल्ला म्हणाली, "तुमचे यजमान म्हणतात की हे सगळे त्यांचे नातेवाईक आहेत. पिसाचे. खरं आहे?"

मारिस्तेल्ला लग्नानंतर नवऱ्याच्या बऱ्याच गोष्टींना हो म्हणायला शिकली होती, पण या गोष्टीला तिचे ओठ उघडेनात. केकचा खोका किंचित कलला. जिनेव्राचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी कॉफीनंतर सांगणार होते. शपथ. नेरीचं पूर्ण नाव रानिएरी आहे. याच्या घरचे सगळे पिसाचे आहेत. तुला कळलं आणि तू... पोलिसांसमोर... पिसाकरांना नातेवाईक म्हणालास?" तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

रानिएरी. पिसाच्या रक्षक संताचे नाव. पिसाबाहेर कुणी पोराचे हे नाव ठेवत नाही. फोस्कोने मुलीच्या खांद्यावरून व्याह्यांकडे पाहिले. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"ओत्ताविओ," ते हात पुढे करून म्हणाले, आणि त्यांनीही शब्द तसाच ओढला. "आम्ही रात्रभर झोपलो नाही. मुलं म्हणत होती, तुम्ही आमच्या गावाचं नाव ऐकून जेवणावरून उठाल. आणि तुम्ही आमचं अर्धं गाव आणलंत."

"येताना पुलावर म्हणाले, पिसा सुंदर आहे," आत्यांनी जिन्यातून सांगितले. "कुणी विचारलं नव्हतं. मनात आलं, म्हणाले."

"मी साक्षीदार आहे," दोनातेल्ला म्हणाली. तिने टोपी काढली. "आश्चर्य वाटलं होतं. आता कळलं."

फोस्कोने तोंड उघडले. सगळे त्याच्याकडे पाहत होते. जिनेव्राने अजून गळा सोडलेला नव्हता, आणि लहानपणी ताप आला की ती असाच गळा धरायची, हे त्याला आठवले. त्याने तोंड मिटले. मग पुन्हा उघडून एवढेच म्हणाला, "आत या. उभे का?"

पुढचे आपोआप झाले. दोन पिसाकर एका खोलीत आले की ते एकमेकांना कुणाचे कोण विचारल्याशिवाय राहत नाहीत. ओरेस्ते आणि विहीणबाई चौथ्या प्रश्नाला पोहोचले, आणि ओरेस्तेची दिवंगत बायको विहीणबाईंच्या मावशीची नणंद निघाली. आत्या नेरीच्या आजीच्या शेजारी राहत होत्या. दोनातेल्लाला हे पुरेसे होते. निघते म्हणाली, पण मारिस्तेल्लाने तिच्या हातात सुरी आणि लिंबू दिले, कारण गोब्बी सोलायला बारा हात लागले तरी कमीच होते. मंडळाने पाठीवरच्या पिशव्यांतून उकडलेली अंडी, पाव आणि चीज काढले आणि जिन्याच्या पायऱ्यांवर पंगत बसली. वरच्या मजल्यावरचे शेजारी वाट मिळेना म्हणून त्याच पंगतीत बसले.

गोब्बी तीन वाजता टेबलावर आली. जवळजवळ बटाट्याइतकी चवदार झाली होती. सगळ्यांनी केवढा त्रास घेतला म्हणून वाखाणली.

मग व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. भल्या माणसाला पाहुणचाराची परतफेड म्हणून यजमानाच्या आवडीचा विषय काढावासा वाटतो. "डॉक्टर, एक विचारायचं होतं. तुम्हाला मेदिचींची फार माहिती आहे म्हणतात. त्यांच्या ढालीवरचे ते गोळे. आमच्याकडे सगळे म्हणतात, संत्री आहेत. माझे वडीलही म्हणायचे. तुम्हाला काय वाटतं?"

ओरेस्ते दारात अंडे सोलता सोलता थांबला. आत्यांनी मान वळवली. मारिस्तेल्लाने टेबलाखाली नवऱ्याच्या बुटावर पाय ठेवला. जिनेव्रा बापाकडे पाहत राहिली.

फोस्कोने गोब्बीचा घास चावला. बराच वेळ चावला. दातात एक तंतू अडकला होता, तो जिभेने सोडवून पाहिला, सुटला नाही. त्याने पाणी प्यायले.

"संत्री," तो म्हणाला.

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. व्याह्यांनी त्याच्या ग्लासात वाइन ओतली.

"दिवसातून दोनदा," फोस्को पुढे म्हणाला, "जेवणानंतर. न चावता."